माह्या चुकांची वही

पडद्यावर माह्या वहीचं पान होतं. भिंतीएवढं. माहं वाकडं अक्षर, माही खाडाखोड. एसीत बसलेली पोरं हसून राहिली होती, आन् मी दारात चप्पल हातात घेऊन उभी.

सर म्हणाले, "बघा, अदिशावर बाण! अदिश म्हणजे नुसता आकडा, त्याला दिशा नसते. हिनं तीनच्या डोक्यावर बाण काढलाय. कोणती दिशा गं? नरखेडची?"

नरखेड माहं गाव. पुन्हा हशा. पहिल्या बाकावरची पोरगी तं टेबलावर डोकं टेकवून हसली.

ते वही मी सरांनीच सांगितली म्हणून भरली होती. शहरात बेसा भागातल्या त्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमधी दोन बॅच होत्या. वरच्या मजल्यावर इंग्रजी शाळेतली पोरं, खाली आम्ही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले. सर मले म्हणाले होते, "चुका लपवू नकोस. सगळ्या एका वहीत लिही, का झाल्या तेही लिही. मी एकटाच वाचीन. वही भरली की तुला वर घेतो." देवाशपथ, त्या माणसावर मी बाबापेक्षा जास्त भरवसा ठेवला. अदिशात सदिश, म्हंजे दिशा असलेला आकडा, मिळवला, लिहिलं. सदिशानं भागलं, लिहिलं. लाज वाटली तरी लिहिलं. वही भरली, सरांजवळ दिली. मंग "उद्या वर ये" असा निरोप आला, तं मी नवा ड्रेस घालून गेली. काय मूर्ख होती मी!

सरांनी कॅमेऱ्याखाली ठेवलेल्या माह्या वहीचं पान पलटवलं. कंसात २, ५, १. बाहेर ३. मी फक्त पहिल्या आकड्याले तीननं गुणलं होतं. उत्तर ६, ५, १.

"म्हणूनच खालची बॅच खाली आहे," सर म्हणाले.

मी रडून राहिली होती. पण त्या पानावर खाली मीच लिहिलं होतं, 'बाहेरचा आकडा आतल्या सगळ्यायले लागते. मी पहिल्यालेच दिला.' त्याच्याखाली बरोबर उत्तरही होतं. तेवढाच भाग त्यानं कोऱ्या कागदानं झाकला होता. जाणूनबुजून! माह्या डोक्यात तिडीकच गेली.

चप्पल पायात घातली आन् तशीच आत गेली. कॅमेऱ्याखालचा तो कागद ओढून फेकला. ६, १५, ३. पाहा म्हटलं सगळ्यायनं.

"सर, ही चूक मी एकदा केली. तुम्ही रोज करून राहिले. पहिल्यायले, म्हंजे वरच्यायलेच शिकवता, खालचे आम्ही जसेच्या तसे."

सर हळूच म्हणाले, "वरच्या बॅचचं विसर आता."

वही उचलून मी निघून आली. घरी बाबा म्हणाले, "माफी मागून टाक वं पोरी, मोठे लोक हायेत थे." नाही मागितली. काहून मागू?

परीक्षा मी देणार. चुकीन, खोडीन, पुन्हा मांडीन. पण माही चूक आता कोणाच्या करमणुकीले देणार नाही, आन् वर घ्या म्हणून कोणाच्या दारात उभी राहणार नाही. गणित कोणाच्या बापाचं नाही.