मांडव्यावरचं लाल वर्तुळ

"मांडवा वर्तुळात येतंय. तिथला दवाखाना रद्द करा," माझ्या नकाशावर बोट ठेवून साहेब म्हणाले.

साठच्या दशकातली गोष्ट. मी अलिबागला सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे नकाशे काढणारा. सिव्हिल डिफेन्सचं काम आलं होतं: मुंबईवर अणुबॉम्ब पडला तर आपल्या किनाऱ्याचं काय? हँडबुकात वीस किलोटनांचा बॉम्ब दिला होता. किलोटन म्हणजे हजार टन दारूगोळ्याचा जोर. त्यानं साधारण मैलभरातली घरं कोसळतात. भाजणं, काचा फुटणं त्याहून लांबवर. साहेबांना दहापट मोठ्या बॉम्बचं वर्तुळ हवं होतं. आमच्या धंद्यात नकाशा दहापट करायचा तर प्रत्येक रेघ दहापट करतात. हाताला तीच सवय. मी परकार दहा मैलांवर उघडला आणि मुंबईपासून समुद्रापलीकडे नऊएक मैलांवरचं मांडवा आपसूक आत आलं.

समोर मांडव्याचे सरपंच धर्माकाका बसले होते. दवाखान्यासाठी गावानं खोली दिली होती, फक्त साहेबांची सही हवी होती. मागच्या वर्षी त्यांची सून अलिबागला नेताना बैलगाडीतच बाळंत झाली आणि मूल दगावलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

धर्माकाका गावच्या लग्नांत भात शिजवायचे. बॉम्ब दहापट म्हणून वर्तुळही दहापट, हे ऐकून ते मला म्हणाले, "भाऊ, दहापट तांदूळ शिजवायचा तरी आमी टोप दहापट रुंद न्हाय घेत. दुपटीहून जरासा मोठा पुरतो. टोपाला उंची पन हाय ना."

मी घाईनं हँडबुक उघडलं. स्फोटही लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडे पसरतो. हँडबुकात त्याचं कोष्टकच होतं, मी ते पाहिलं नव्हतं. बॉम्ब दहापट, वर्तुळ जेमतेम सव्वादोनपट.

"साहेब, चूक माझी. सव्वादोन मैल."

नवं वर्तुळ समुद्रातच संपलं. मुंबई काही त्यातून सुटली नव्हती, तरी मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेबांनी पेन उचललं आणि थांबले. "आणि हजारपट मोठा असला तर?"

"मग तिन्हीकडे दहा-दहापट, म्हणजे वर्तुळ दहापट. मांडवा आत."

"मंग तं दवाखाना आधी पायजे, साहेब," धर्माकाका म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सही केली.

सुनेला मांडव्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. मला गावाकडून पेढे आले आणि साहेबांकडून मेमो. तेव्हापासून नकाशा वर पाठवण्याआधी मी तो त्यातल्या गावच्या माणसाला दाखवू लागलो. मेमो कमी झाले.