दोघांत एकच गिला वडा

अगं ये, अशी जवळ बस. उंबऱ्यातूनच "काकू, निघते" म्हणायची खोड कुठून लागली तुला? बस, अन् माझ्या भाच्याचं ऐक. अख्ख्या वऱ्हाडात जमिनीवर इतका जपून चालणारा माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि हा बाबा धंद्यानं पायलट!

माझ्या अकोल्याच्या बहिणीचा हा मुलगा. कंपनीनं नव्या पायलटांना बिनपगारी रजेवर बसवलेलं. संघटनेचा अन् कंपनीचा करार जुळला की नंबरानं परत बोलावणार. तोवर गल्लीतले रोज विचारायचे, "काय पायलटसाहेब, इमान पंक्चर झालं का?" वरून बापाचा हुकूम, दिवाळीपर्यंत बोलावणं नाही आलं तर आपल्या सरकी-ढेपेच्या दुकानात बसायचं, कायमचं. म्हणून हा बॅग घेऊन माझ्याकडे अमरावतीला पळून आला. ती बॅग काही त्यानं रिकामी केली नाही. रोज एक सदरा काढायचा, घालायचा, धुऊन इस्त्री करून परत आत. बोलावणं आलं की निघता यावं म्हणून.

आमच्या यांची जुनी स्कूटर त्याच्या हाती गेली, अन् भाजीला जाणं म्हणजे परदेशी जाणं झालं. आधी स्कूटरभोवती एक फेरी. टायर दाबून बघ, ब्रेक बघ, मागचा दिवा बघ. तोवर मी पिशवी घेऊन उन्हात उभी. मग मागं बसले की विचारणार, "मावशी, पदर?" मी म्हणायचं, "आवरला." "पिशवी?" "मांडीवर." एकदा वैतागून मी नुसतंच "हो हो, चाल" म्हटलं, तर पठ्ठ्यानं गाडी बंद करून पुन्हा पदरापासून सुरुवात केली. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "कावून हो, आज उडून नाही राहिले का?"

पण खरा छळ चौकातल्या वड्याच्या गाडीवर. विमानातल्या दोघा पायलटांनी एकच पदार्थ खायचा नाही, असा त्यांच्यात रिवाज. एकाचं पोट बिघडलं तर दुसऱ्यानं विमान उतरवायचं. मागं बसते म्हणून मी कोपायलट! दह्या-चटणीत भिजलेला गिला वडा माझा जीव की प्राण, पण तो कॅप्टनला. मला रोज कचोरी. मी म्हटलं, "अरे, मले चालवताच येत नाही. तुह्यं पोट बिघडलं त मी काय करीन?"

"रिक्षा बोलावशीन ना मावशी! त्याले बी कोनी धड पाह्यजे."

दिवाळी तोंडावर आली. तो फोनकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचं टाळायची. अशात एक दिवस त्या गाडीवरच फोन वाजला. हा हात पुसत बाजूला गेला, ताठ उभं राहून बोलला, परत आला अन् गाडीवाल्याला म्हणाला, "भाऊ, दोन गिले वडे."

"दोन? अन् कचोरी?"

"आज मावशीची ड्युटी संपली. करार झाला. मले बोलावलं."

"अन् घरी कसं जायाचं रे, दोघांनी एकच खाऊन?" मी विचारलं.

"आज होऊ दे खतरा!"

ज्या वड्यासाठी इतकी भांडले, तो समोर आला अन् मी नुसती चिवडत बसले. तिखट लागलं म्हणून डोळे पुसले. निघताना घाईत तो विचारायचंच विसरला. मीच मागून म्हटलं, "पदर आवरला. पिशवी मांडीवर." तेव्हा कुठं त्यानं मान हलवली अन् गाडी सुरू केली.

स्कूटर आता झाकून ठेवलीय. तुझी गाडी आहेच की दारात! मग उद्या लवकर ये, अन् उंबऱ्यातून पळू नको. चौकात जाऊ. गिला वडा तू खा. मी आपली कचोरीच घेईन.