दोघी जावांमधली ओली भिंत

दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि डोळे जड व्हायला लागले की ती भिंत अजून माझ्यासमोर येते. भर उन्हाळ्यात घाम आलेली भिंत. जमिनीपासून वर चढत गेलेला काळसर डाग आणि त्याच्या कडेला फुटलेली खाराची पांढरी फुलं. अर्धवट झोपेत तो डाग कधी झाडासारखा दिसतो, कधी ढगासारखा, कधी पाठमोऱ्या बसलेल्या बाईसारखा. गावाला त्यात बाईच दिसली आणि तिथून ते प्रकरण सुरू झालं.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. आता मुदत संपून घरी बसले आहे. माणसांची नावं लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच, एकमेकांच्या शेजारी राहतात. पोलीस पाटलाला वर्दी नसते. गावात काय चाललंय ते वेळेवर ठाण्याला कळवायचं, साहेब आले की लागतील ती माणसं बोलावून आणायची, पंचनाम्याला पंच मिळवून द्यायचे, कुणी बेवारस मेलं तर पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ बसायचं, असं ते काम. मला चारचौघांत बोलायला कधी जमलं नाही. पण गप्प बसणाऱ्या बाईसमोर लोक जास्त बोलतात, आणि त्याचा या कामात मला फार उपयोग झाला.

खबर मिळाली ती कपडे धुताना. घरोघर नळ आले होते, तरी बायका सवयीनं विहिरीजवळच्या दगडांवर धुणं घेऊन यायच्या. शेजारच्या दगडावर एक म्हातारी लुगडं पिळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवसेला मारुतीपुढं गर्दी होणार हाय म्हणं."

"काहून वं मावशी?"

"मोठीला बसवणार हाईत. भगत येऊन राहिला पुसेगावाकडून." मग लुगडं झटकून म्हणाली, "तू मला इचारलं न्हाई, अन् म्या तुला सांगितलं न्हाई."

मोठी म्हणजे कोण ते मला लगेच कळलं. गावात दोन भावांचं घर होतं, मधे भिंत घालून वाटून घेतलेलं. थोरला भाऊ वारला होता. त्याची बायको एका मुलीला घेऊन डाव्या भागात राहायची. तिला सगळे मोठी म्हणायचे. उजव्या भागात धाकटा, त्याची बायको आणि त्यांचं तान्हं बाळ. मधली भिंत धाकट्याच्या बाजूनं पाझरायला लागली होती, आणि मोठीनं भानामती केली अशी कुजबुज घरोघर फिरत होती. भगत तिला सगळ्यांसमोर कबूल करायला लावणार होता. अशा ठिकाणी 'बसवणं' म्हणजे काय असतं ते मी आधी एकदा पाहिलं होतं. ती बाई पुन्हा गावात दिसली नाही.

धुणं तसंच बादलीत टाकून मी ठाण्यावर गेले. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बीटच्या जमादारांना सांगितलं, "भगताला आजच नोटीस द्या. जादूटोण्याचा कायदा वाचून दाखवा." मग मला म्हणाले, "ताई, अवसेचं आम्ही थांबवू. पण पोलीस तिथं कायम उभे राहणार नाहीत. ती भिंत ओली का होते, ते शोधा. नाहीतर बाई जाईल."

साहेब बरोबर बोलले. भगत नोटीस बघून परत गेला, तरी मोठीनं सामान बांधायला घेतलं होतं.

आधी धाकट्याकडे गेले. तो दुष्ट माणूस नव्हता, घाबरलेला होता. बाळ आईच्या मांडीवर खोकत होतं.

"ताई, मला कायदा सांगू नका," तो म्हणाला. "रंग मारला, औषध मारलं, तज्ज्ञ आणून दाखवला. शेवटी तो मशीनवालाच म्हणला, ह्या भिंतीत पाणी न्हाई, हे दुसरं कायतरी हाय, जाणत्याला दाखवा."

"तज्ज्ञ म्हणजे काय शिकलेला?"

"म्हंजे? ओल मोजायचं मशीन होतं की त्याच्याजवळ! लावलं की वाजायचं."

"औषध कुणी मारलं?"

"त्यानंच."

त्याची बायको मधेच म्हणाली, "अन् तेच औषध फुगून गळून पडलं. मी तवाच म्हणलं होतं, गाडीवर फिरणारा डाक्टर माणसाला चालत न्हाई, तर भिंतीला काहून चालतो? पण माझं ऐकतंय कोण."

तिथून मी मोठीकडे गेले. तिच्या भिंतीला जुना मातीचा गिलावा होता, शेणानं सारवलेला. ओल कुठंच दिसत नव्हती. पण लोखंडी पेटी भिंतीपासून हातभर पुढं ओढून विटांवर ठेवलेली होती. खोली एवढीशी, आणि पेटी मधोमध. तपासात मला एक सवय लागली होती. माणूस काय सांगतो ते नंतर, त्याच्या घरात कुठली वस्तू जागा सोडून आहे ते आधी बघायचं.

"पेटी मधात काहून ठेवली गं?"

तिनं पेटीच्या बुडाला बोट लावून दाखवलं. मग म्हणाली, "बुडाला गंज चढतो, अक्का. आमच्या बाजूनं बी ओल हाय. रोज सारवते, म्हणून दिसत न्हाई."

"मग सांगितलं काहून न्हाई कुणाला?"

"सांगितलं असतं तर म्हणले असते, हिचं केलेलं हिच्यावरच उलटलं."

ती खरं बोलत होती. गावानं एकदा ठरवलं की कोरडी भिंत पुरावा होते आणि ओली भिंतही पुरावाच होते.

मशीनवाल्याचं कार्ड धाकट्याच्या दारामागं खिळ्याला अडकवलेलं होतं. जमादारांनी गिऱ्हाईक होऊन फोन लावला, "साहेब, भिंत लई ओली हाय, या लवकर." तो आनंदानं मशीन घेऊन ठाण्याच्या दारात उभा राहिला आणि पाटी वाचून तिथंच थबकला.

जमादारांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतःचा तळहात पुढं केला. "लाव मशीन."

"साहेब, हे भिंतीसाठी असतं..."

"लाव म्हणतो ना."

मशीन लावलं आणि ते भिंतीवर वाजायचं तसंच वाजलं. जमादार म्हणाले, "आता मला बी रंग मारतो का?" अंमलदार तोंडावर फाईल धरून हसला. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी त्याला हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या घराच्या मागं जाऊन बघितलं का?"

"नाही, मॅडम."

"शेजारच्या घरात गेले का?"

"नाही."

"मग जाणत्याला दाखवा असं काहून सांगितलं?"

त्यानं मशीन बंद केलं. "रंग टिकला नाही की लोक भांडायला येतात. काहीतरी सांगावं लागतं."

त्याच्या त्या काहीतरीवर एक बाई लेकीला घेऊन गाव सोडणार होती. त्याचा जबाब नोंदवला. फसवणुकीचं पुढं जे व्हायचं ते रीतीनं झालं.

मला वाटलं, सुटलं. जबाब धाकट्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "तो खोटा निघाला, मान्य. पण पाणी तर खरं हाय ना, ताई?"

त्याचंही खरं होतं. आता खरा तपासणारा पाहिजे होता, आणि तो निवडणं हे चोर पकडण्यापेक्षा अवघड निघालं. धाकटा आपल्या साडूचं नाव सांगायचा, तो गवंडीकाम करायचा. मोठी म्हणायची, त्यांचा माणूस त्यांच्यासारखंच बोलणार. रंगाच्या दुकानातला माणूस फुकट बघायला तयार होता. मी त्या दिवसांत चालता चालता, भाकरी थापता थापता याच विचारात असायचे. एका दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या, जागी आहे की झोपेत ते कळत नव्हतं, आणि मला वाटलं की ती भिंत पंचनाम्यातल्या प्रेतासारखी आहे. तिला बोलता येत नाही. मग पंच कसा निवडतो आपण? त्याचं फिर्यादीशी नातं नसावं, आरोपीशी नसावं. निकाल कसाही लागला तरी त्याच्या पदरात काही पडू नये. भिंतीचा पंचही तसाच पाहिजे. ओल निघाली तर ज्याचं औषध खपतं, त्याला ओल निघणारच.

मी हिंगोलीत विचारत फिरले. एकानं भिंत न बघताच फोनवर उपाय सांगितला. दुसऱ्यानं काम मलाच द्या म्हणून अट घातली. शेवटी एक बाई सापडल्या. स्थापत्य शाखेच्या इंजिनिअर, पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारायला सुरुवात केली. ओल किती उंच चढते? पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात? नळ कधी आला? भिंतीपलीकडे काय आहे? मशीनवाल्यानं यातलं एकही विचारलं नव्हतं.

मी भीत भीत पदवीचा कागद बघायला मागितला. त्या रागावल्या नाहीत. "मागायलाच पाहिजे," म्हणाल्या. "आणि मी आधी पाहिलेलं एखादं घरही बघून या. मी काही विकत नाही. बघते, सापडलं ते लिहून देते. नाही सापडलं तर नाही सापडलं असं लिहिते."

नरसीच्या रस्त्यावर त्यांनी पाहिलेलं एक घर होतं, तिथं मी गेले. तिथली बाई म्हणाली, "आमाला तर त्यांनी काहीच घेऊ दिलं न्हाई. पत्र्याची पन्हळ फिरवा म्हणल्या, झालं." त्या बोलण्यानं माझं मन ठरलं. मग धाकट्याला आणि मोठीला समोरासमोर बसवून विचारलं, "या बाई चालतील का? नसतील तर आताच बोला. निकाल लागल्यावर न्हाई म्हणता यायचं न्हाई." दोघांनी होकार दिला. धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "त्यांच्याकडं मशीन हाय का?" मी म्हटलं, असेल, पण त्या आधी डोळे वापरतात.

बाई आल्या आणि भिंतीजवळ गेल्याच नाहीत. आधी पत्रे बघितले, मग परस, मग दोन्ही न्हाण्या, पाणी कुठून कुठं जातं ते. सगळ्यात शेवटी भिंत. दोन्ही बाजूंनी त्यांनी प्लास्टिकचे तुकडे चारी कडांनी चिकटवले आणि म्हणाल्या, "उद्यापर्यंत हात लावू नका. पाणी प्लास्टिकच्या बाहेरून धरलं तर ते हवेतलं. आतून धरलं तर भिंतीतलं."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दारात होतं. प्लास्टिक काढलं. धाकट्याकडे आतून थेंब होते. मोठीकडेही आतून थेंब होते. बाईंनी दोन्हीकडच्या ओलीची उंची दाखवली, ती सारखीच होती. "ही भिंत दोघांकडून सारखीच ओली आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या मातीतून ओल वाळून जाते. तुमच्या सिमेंटला आणि त्या औषधाला श्वास नाही, म्हणून तुमच्याकडे डाग पडतो. पाणी खालून येतंय. भिंतीखाली काय आहे?"

धाकट्यानं वहिनीकडे बघितलं आणि मान खाली घातली. धुण्याच्या दगडावरची ती म्हातारी गर्दीतून पुढं आली. "काय रे, तुमच्या बापाचं पेव कुठं गेलं?"

पेव म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेलं, ज्वारी साठवायचं भुयार. आमच्याकडे वाटणीत सगळं निम्मं निम्मं होतं, भांडी, अंगण, आंब्याच्या फांद्यासुद्धा. पेव निम्मं कसं करणार? ते कुणीच घेतलं नाही आणि सोडलंही नाही. परसातल्या तोंडावर फरशी टाकली, वरून माती लिंपली आणि पोकळीच्या कडेवरून मधली भिंत घातली. थोरल्याला वाटलं धाकटा भरील, धाकट्याला वाटलं थोरला भरील. पोकळी तशीच राहिली. नळ आले तेव्हापासून दोन्ही न्हाण्यांचं पाणी मातीतून वाट काढत तिच्यात जमत होतं.

परसात फरशी उचलली. आतली हवा वाईट असते म्हणून जमादारांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही, तोंड तसंच उघडं ठेवलं. नंतर मी वाकून बघितलं. खाली काळं, शांत पाणी होतं आणि त्यात आभाळाचा एक गोल तुकडा. साबणाचा वास येत होता. दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्यांचं पाणी खाली अंधारात एक होऊन बसलं होतं. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. धाकट्यानं हाक मारली तेव्हा भानावर आले.

त्या प्रकरणानंतर लोक भिंतीला ओल आली की मला विचारायला येतात. मी सांगते, मशीन बघू नका, माणूस बघा. काय शिकला ते विचारा. त्यानं पाहिलेल्या घरी जाऊन या. घराच्या मागं जातो का, शेजाऱ्याकडे डोकावतो का ते बघा. आणि जो तपासायला येतो त्यालाच औषध मारायचं काम देऊ नका. तपासणारा चुकीचा निवडला तर भिंत ओली राहते एवढंच होत नाही, कुणाच्या तरी माथ्यावर ते पाणी फुटतं. मी पोलीस पाटील म्हणून पुष्कळ पंच निवडून दिले. पण पंच चांगला असला तर एक बाई आपल्या घरात राहू शकते, हे मला तिथं कळलं.

मोठीची माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. पाणी उपसून पेव मुरमानं भरायला घेतलं त्या दिवशी दोघी जावा टोपली घेऊन आल्या. एक इकडून, एक तिकडून, मधे बोलणं नाही. मोठी काठाशी वाकली तेव्हा धाकटीनं हातातली टोपली खाली टाकून तिचा दंड धरला.

"जरा मागं व्हा, बाई," ती म्हणाली. "काठ कच्चा हाय."