घरून घरी तीस तास

मंगळवारी सकाळी सहा वाजता गजभिये सर गेले. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांना नेलं. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांची मुलगी सुजाता टोरांटोहून घरी पोचली.

सर नागपुरात महाल भागातल्या शाळेत आम्हाला भूगोल शिकवत. पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणायला लावत आणि तो पट्टीवर मोजून अंतर काढून घेत. उत्तर बरोबर आलं की म्हणत, "हे दोऱ्याचं झालं. आता तुह्यं सांग." म्हणजे या घराच्या दारापासून त्या घराच्या दारापर्यंत लागणारा वेळ. खाप्याला जायचं तर सावनेरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळही लिहावा लागे. तो सोडला की शून्य. "दोरा कुठंच उतरत नाही गा. माणसाले उतरावं लागते."

सुजाता कॅनडात गेली तेव्हा त्यांनी तिच्या वाटेचा कागद करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. विमानतळावर आधी पोचणं, दिल्लीत सामान घेणं, नागपूरच्या विमानाची वाट पाहणं, सगळं त्यात होतं. खाली बेरीज: घरून घरी तीस तास. हे मोबाइलवर मिळतं, असं मी एकदा म्हणालो. "मोबाइलले कुठं बॅग उचला लागते?" असं म्हणून ते हसले.

शेवटच्या आजारात त्यांनी पुतण्याला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, "सुजाता आल्याबिगर मले हलवू नका. अग्नी तिनंच द्यायचा."

मंगळवारी सुजाताचा फोन आला. तिकीट मिळालं होतं, उद्या संध्याकाळी पोचते म्हणाली. पुतण्या सरांना ठेवलेल्या बर्फाच्या पेटीजवळ बसून तर्री-पोहे खात होता. तेलकट बोटांनी त्यानं मोबाइलवर नागपूर-टोरांटो शोधलं. अंतराला विमानाच्या वेगानं भागून कुणीतरी चौदा तास लिहून ठेवले होते. टोरांटोहून नागपूरला थेट विमान येतच नाही. त्यानं तो आकडा सगळ्यांना फिरवून दाखवला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी येऊन राहिली ना, थांबा ना गा."

"चौदा तासाले उद्याची संध्याकाळ काहून लागते, काकू? तिले यायचंच नाही," पुतण्या म्हणाला. त्याला खाप्याचं दुकान उघडायचं होतं. लोकांनी माना डोलावल्या.

मी त्याच कपाटाला पाठ टेकून बसलो होतो. उठून दार उघडलं असतं तर पुरलं असतं. मी कुणाच्या तोंडी लागत नाही, असा माझा लौकिक आहे. त्या दिवशीही लागलो नाही. पुतण्यानंच अग्नी दिला. पोह्यांचा तो वास आजही आला की किळस येते, आणि ती फक्त पुतण्याची नसते.

बुधवारी सुजातानं कपडे ठेवायला कपाट उघडलं. कागद वाचला. बराच वेळ वाचत राहिली.

"दादा, तू इथंच होता ना गा?"

मी हो म्हटलं. तिनं कपाटाचं दार लावलं.

ती परत गेली. घराला कुलूप आहे. कागद कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे.