सगळ्यांसारखं मत

माझं काम सांगितलं की लोक हसतात. संगणक मराठीत उत्तरं देतो, त्यातलं चांगलं कुठलं ते मी घरी बसून मोबाइलवर सांगते. आमच्या ह्यांचं यंत्रमागावरचं काम सुटल्यापासून घर ह्याच्यावरच चालतं, त्यामुळे हसणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही.

कामात एक मेख होती. एकच प्रश्न बऱ्याच जणींकडे जायचा आणि जिचं मत इतरांशी वारंवार जुळेना, तिचं काम बंद. मग उत्तर कसं आहे ते बघायचं सोडून बाकीच्या काय निवडतील तेच मी ताडायला लागले. सगळ्याच तसं करत असणार, कारण आमच्या निवडीवरूनच शिकणारा संगणक हळूहळू एकाच सुरात बोलायला लागला. अचानक पाहुणे आले, काय करू? पोहे करा. कुणीही विचारा, कसंही विचारा, पोहेच! पाहुण्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी नि दही वाढणारी मी सोलापूरची बाई, पण मीही पोह्यांनाच मत देत होते.

वरच्यांना उशिरा शहाणपण सुचलं. आता म्हणे उत्तरांत वेगवेगळेपणा हवा. चार उत्तरं वाचा, तुम्हाला खरंच पटेल ते निवडा, का पटलं ते लिहा. आधी चाचणी, त्यात जमलं तरच पुढे काम.

चाचणीचा प्रश्न होता, 'मुलगी नापास झाली, तिला काय सांगू?' तीन उत्तरं 'अपयश ही यशाची पहिली पायरी'वाली. चौथं म्हणत होतं, 'आज काही सांगू नका. जेवायला वाढा आणि शेजारी बसा.' मला चौथं आवडलं, पण बाकीच्या ते निवडतील असं वाटेना. ह्यांना वाचून दाखवलं.

"पयलंच दाब की," हे म्हणाले. "समदे तेच दाबणार. तू कशाला येगळं जातीस? हातचं जाईल."

बोट पहिल्यावर नेलं, चौथ्यावर आणलं, परत पहिल्यावर. शेवटी डोळे मिटून चौथं दाबलं नि खाली लिहिलं, 'मी नापास झाले होते तेव्हा मला हेच हवं होतं.' त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलंय."

'चुकलं माझं' असं तोंडातून निघणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तेच पाहिजे होतं. उद्यापासून काम चालू करा."

फोन ठेवला नि रडू कोसळलं. इतके दिवस मत द्यायचाच पगार घेत होते, आणि स्वतःचं मत देताना चळाचळा कापले होते.