दिपमालानं नाव घेतलं नाही

दिपमाला माझी नणंद. एका जागी बसेल तर शपथ! पोलीस भरतीचं खूळ डोक्यात. पहाटे शेतरस्त्यानं पळते, घरी आली की स्वयंपाकघरात फेऱ्या मारत कायद्याचे शब्द घोकते. फिर्यादी, साक्षीदार, जबाब, दखलपात्र. मी पोळ्या लाटता लाटता शब्द सांगायचे आणि तिनं ते परातीतल्या पिठात बोटानं लिहायचे. 'प्रत्यक्षदर्शी'वरचा रफार दरवेळी विसरायची, मग स्वतःवरच चिडून पीठ विस्कटायची.

"अगं बये, पोळ्यांपुरतं तरी ठेव!" मी ओरडायचे.

"संशयित कोण, सांग बरं वहिनी?"

"मला काय माहीत!"

"ज्याच्यावर नुसता संशय आहे तो. गुन्हा त्यानं केलाच असं नाही." डोकं खायची नुसती.

एका सकाळी पितांबर आबांच्या मळ्यातली ऐन कापणीला आलेली केळी कुणीतरी कोयत्यानं आडवी केली. रावेरचा व्यापारी त्याच आठवड्यात माल बघायला येणार होता. आबा बांधावर बसून लहान पोरासारखे रडले. पाण्याच्या पाळीवरून त्यांचं शेजारच्या मळ्यातल्या उखर्डूभाऊंशी वाजलेलं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत गावानं नाव ठरवूनही टाकलं.

आणि आमची बाई त्याच वेळी त्याच रस्त्यानं पळत होती! धुक्यात तिला एक माणूस पाठमोरा जाताना दिसला होता. डोक्याला रुमाल, हातात कोयता. तोंड दिसलं नव्हतं. तिनं हे घरी सांगितलं आणि गावभर झालं.

संध्याकाळी आबा घरी आले. "पोरी, मुलीच्या जातीनं रस्त्यानं पळायचं नाही म्हणून गाव बोंबलत होतं, तेव्हा तुझ्या बापाला मी समजावलं. माझ्याच बांधावरून पळतेस तू. उखर्डू होता, एवढंच सांग."

आबा गेल्यावर मीही तिच्या मागे लागले. "सांगून टाक ना! दुसरं कोण असणार?"

"पाठीवरून नाव कसं सांगू, वहिनी?"

ती जेवली नाही. गच्चीवर जा, खाली ये, परत गच्चीवर जा. मला चक्कर यायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. ग्रामपंचायतीसमोर अर्धं गाव जमलं. "ओळखलंस का त्याला?" त्यांनी विचारलं. आबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. दिपमाला म्हणाली, "माणूस पाहिला साहेब. ओळखला नाही." हवालदारांनी लिहिलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. आबा उठून गेले. बांधावर त्यांनी काटे टाकले. तेव्हापासून ती हायवेच्या कडेनं, केळीच्या ट्रकांच्या वाऱ्यात पळते आणि ती परत येईस्तोवर माझा जीव टांगणीला लागतो.

मग एका दुपारी उखर्डूभाऊंची भिकुबाई आली. धुळ्याकडची लेक ती, बोलणं अजून माहेरचं, अहिराणीच. पदराखाली सांजोऱ्यांचं ताट. "पोरी, तुन्हामुये मना घर वाचनं. हाई बठ्ठं तुन्हाकरता शे."

सगळं तिच्यासाठीच म्हणे. घ्यायचं ना गुमान! पण नाही.

"काकू, मी भाऊंना वाचवलं नाही. ते दिसले असते, तर त्यांचंही नाव सांगितलं असतं."

भिकुबाईचा चेहरा पडला. तिनं ताट उचललं, पदर सावरला आणि आली तशी निघून गेली.

माझं टाळकंच सरकलं. "झालं मनासारखं? दोन्ही घरं तोडलीस! एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?" माझा राग ओसरला, पण मनातली एक शंका काही जाईना. जवळ जाऊन हळूच विचारलं, "मला तरी सांग. खरंच ओळखलं नव्हतंस ना गं त्याला?"

तिचे डोळे एकदम भरून आले.

"वहिनी, तू पण?"

मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.