मामींच्या मापाचा प्रीअँप

चाळीस वर्षं सभासमारंभांना लाउडस्पीकर लावले, म्हणून सगळे त्यांना भोंगेमामा म्हणत. त्यांचा कर्णा सुरू झाला की चौथ्या गल्लीतला माणूससुद्धा दचकून उठे. आणि बायको मिळाली ती डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स! डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेल्या पेशंटांना हलक्या आवाजात पेपर वाचून दाखवण्यात मामींची नोकरी सरली. हा जोडा जमला कसा, देव जाणे.

निवृत्त झाल्यावर मामींनी मनावर घेतलं, अंधांच्या ग्रंथालयासाठी घरून पुस्तकं वाचायची. मामा म्हणाले, यंत्राचं माझ्यावर सोड. त्यांनी अडगळीच्या खोलीत जाड पांघरुणं टांगली, आपला जुना माइक पुसून ठेवला. राहिला प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल रेकॉर्ड होण्याइतका वाढवणारा डबा. मामा दुकानात गेले, तिथल्याच माइकवर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं गरजले आणि काचेमागे लालसर नळी पेटणारा, सगळ्यांत देखणा डबा काखेत मारून आले.

ग्रंथालयाने मामींच्या वाचनाचा पहिला नमुना परत पाठवला. वाचन उत्तम, पण मागे खरखर फार. मामांनी वायरी बदलल्या, दुसरा नमुना गेला. तोही परत. ग्रंथालय तीनच नमुने ऐकायचं, म्हणजे आता एकच संधी उरली होती. मामी म्हणाल्या, माझाच आवाज बारीक, जाऊ द्या. हे मात्र मामांना झोंबलं. आवाजाच्या धंद्यात जन्म गेला आणि घरातलाच आवाज पोचवता येऊ नये?

त्यांनी हेडफोन लावून मामींना वाचायला बसवलं. मामींचा आवाज नीट यायला गेनचं, म्हणजे सिग्नल वाढवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवावं लागत होतं, आणि तिथे त्या देखण्या डब्याची स्वतःची खरखरही वर येत होती. मामांनी कपाळावर हात मारला. शिंप्याने स्वतःचं माप घेऊन गिऱ्हाइकाचा सदरा शिवावा, तसली गत! प्रीअँप मामींसाठी आणि पारखला स्वतःच्या गळ्यावर.

दुसऱ्या दिवशी माइक आणि मामी दोघांना घेऊन ते दुकानात हजर. चार डबे मांडायला लावले. प्रत्येकावर मामींचा आवाज सारख्याच पातळीला आणायचा, मग मामींनी एक वाक्य वाचून गप्प बसायचं. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण मामा कान देऊन ऐकत होते ती दोन वाक्यांमधली शांतता. तीन डबे त्या शांततेत फुसफुसले. चौथा, ना रंग ना रूप असा करडा डबा, गेन चढवूनही चिडीचूप राहिला. मामांनी तोच उचलला.

आठवड्याने ग्रंथालयातून फोन आला. नमुना पास झाला होता, पहिलं पुस्तकही ठरलं होतं. मामींचे डोळे भरले, मामांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. पलीकडच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, रेकॉर्डिंग कोणी केलं, आवाजावर काय काय केलंत?

चाळीस वर्षं आवाज वाढवण्यावर पोट भरलेला तो माणूस ताठ उभा राहून म्हणाला, "मी केलं. आणि काहीच केलं नाही. आवाज तिचाच आहे, मी फक्त मध्ये आलो नाही."